आपण पण अ‍ॅथलीट: नव्याने ट्रेनिंग सुरू करणाऱ्यांसाठी, पहिल्या टेस्टपासून पहिल्या स्पर्धेपर्यंत

आठवड्यातून तीन-चार दिवस नेमाने घाम गाळणाऱ्या माणसाला विचारा की तुम्ही खेळाडू आहात का, बहुतेक जण घाईघाईने म्हणतात, छे हो, मी आपलं थोडंसं फिटनेससाठी करतो. शाळेत कधी पदक नाही, पोट थोडं सुटलेलं, वय पस्तीस-चाळीसच्या पुढे, मग खेळाडू कसलं. मीही याच वाटेने आलोय, आणि आता माझं ठाम मत झालंय की हे "आपलं थोडंसं" फार नुकसान करतं. ते म्हणणारा माणूस झोप वाचवत नाही, वही ठेवत नाही, आराम करताना त्याला अपराधी वाटतं आणि पहिल्या अडचणीत ट्रेनिंगच आधी सोडतो. याउलट जो स्वतःला खेळाडू धरतो तो या सगळ्या गोष्टी आपोआप सांभाळायला लागतो. म्हणून हा लेख. अगदी शून्यापासून सुरुवात करून तीन-चार महिन्यांत पहिल्या स्पर्धेला उभं राहण्यापर्यंत काय काय करायचं, कुठे लोक अडकतात, काय जवळ लागतं, ते सगळं क्रमाने लिहितोय.

१. आधी हे ठरवा की तुम्ही कशासाठी ट्रेनिंग करताय

व्यायाम आणि ट्रेनिंग यात फरक आहे. व्यायाम म्हणजे आज हालचाल केली, बरं वाटलं, झालं. तो चांगलाच आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण ट्रेनिंगमध्ये आजचं सेशन पुढच्या महिन्यातल्या कशाला तरी जोडलेलं असतं. मंगळवारी तुम्ही हळू धावता कारण शनिवारी लांब धावायचंय, आणि शनिवारी लांब धावता कारण अमुक तारखेला ५ किलोमीटर न थांबता पूर्ण करायचेत. एवढी साखळी जुळली की माझ्या लेखी तुम्ही अ‍ॅथलीट, मग वेग कितीही असो.

इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे वजन कमी करणं हेच टार्गेट ठेवणं. वजनकाट्यावरचा आकडा पाण्यामुळे, मिठामुळे, पोट साफ होण्या न होण्यामुळे दोन दिवसांत एक-दोन किलो सहज इकडे तिकडे होतो. दोन आठवडे मन लावून मेहनत केलेली असते आणि काटा हललेला नसतो, मग माणूस खचतो. त्यापेक्षा शरीर काय करू शकतं यावर टार्गेट ठेवा. किती वेळ न थांबता धावलो, किती किलो उचललं, किती पुलअप मारले. हे आकडे मेहनतीला खूपच प्रामाणिकपणे उत्तर देतात, विशेषतः सुरुवातीच्या महिन्यांत. वजनाचं काय व्हायचं ते मागून होईल.

२. तब्येतीची खात्री

हे कंटाळवाणं वाटतं पण टाळू नका. पार-क्यू प्लस नावाची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते, तिच्या पहिल्या पानावर फक्त सात प्रश्न असतात: हृदयाचा आजार किंवा ब्लड प्रेशर आहे का, छातीत दुखतं का, चक्कर येते का, कुठला जुना आजार आहे का, त्यासाठी गोळ्या चालू आहेत का, हाडांचा-सांध्यांचा त्रास आहे का, डॉक्टरांनी कधी देखरेखीखालीच व्यायाम करा असं सांगितलंय का. सगळ्याला "नाही" आलं तर हळूहळू सुरुवात करायला हरकत नसते. एकालाही "हो" आलं तर आधी पुढची पानं भरा आणि डॉक्टरांशी बोला. डायबिटीस असेल, गरोदर असाल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल तर प्रश्नावलीच्या भानगडीत न पडता सरळ डॉक्टरच गाठा.

डॉक्टरांना "व्यायाम करू का" असं मोघम विचारू नका, त्याला मोघमच उत्तर मिळतं. "चार महिन्यांनी १० किलोमीटर धावायचंय आणि आठवड्यात दोनदा वजनं उचलायचीत, माझ्या गोळ्यांमुळे काही सांभाळावं लागेल का" असं विचारा. उदाहरणार्थ बीटा-ब्लॉकर (ब्लड प्रेशर किंवा हृदयासाठीच्या एका प्रकारच्या गोळ्या) घेणाऱ्यांच्या नाडीचे ठोके मुळातच कमी राहतात, त्यामुळे घड्याळातले हार्ट रेट झोन (ठोक्यांवरून मेहनत किती ते सांगणारे टप्पे) त्यांच्या उपयोगाचे राहत नाहीत, हे आधी कळलेलं बरं.

३. खेळ निवडा आणि तारीख पक्की करा

तारीख नसली तर ट्रेनिंग परत व्यायामाकडे घसरतं, हे मी खूप जणांच्या बाबतीत पाहिलंय. १२ ते १६ आठवडे पुढची एखादी तारीख धरा. नवीन माणसाला झेपतील असे पर्याय:

- ५ किलोमीटर धावणं. पार्करन हा प्रकार २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात सुरू झाला आणि आता बऱ्याच देशांत चालतो, दर आठवड्याला, फुकट. चाललात तरी चालतं. तिथे सगळ्यांच्या मागून चालणारा एक स्वयंसेवक असतो आणि शेवटचा तोच येतो, त्यामुळे "मी शेवटचा आलो तर" ही भीती तिथे उरतच नाही.
- पॉवरलिफ्टिंगची छोटी मीट, म्हणजे वजन उचलण्याची स्पर्धा. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बसून उठणं), बेंच प्रेस (बाकावर आडवं पडून बार छातीवरून वर ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), प्रत्येकी तीन प्रयत्न.
- स्प्रिंट ट्रायथलॉन: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. पोहता येत असेल तरच पहिल्याच वर्षी याच्या नादी लागा.
- हायरॉक्ससारखी मिश्र रेस, ज्यात आठ वेळा १ किलोमीटर धावायचं आणि प्रत्येक किलोमीटरनंतर एक जिमचा प्रकार. जोडीने किंवा चौघांच्या रिलेत करता येते, पहिल्यांदा तीच करा.
- स्पर्धा नकोच असेल तर स्वतःची टेस्ट: पहिला पूर्ण पुलअप, किंवा २० सलग पुशअप. पण तारीख इथेही लिहायची आणि त्या दिवशी कुणीतरी बघायला असावं.

वयाची काळजी करणाऱ्यांसाठी. अ‍ॅथलेटिक्समध्ये ३५ पासून, पोहण्यात २५ पासून आणि पॉवरलिफ्टिंगमध्ये ४० पासून मास्टर्स गट सुरू होतात, म्हणजे पंचावन्न वर्षांच्या माणसाची तुलना बावीस वर्षांच्या पोराशी होतच नाही. कॅनडाच्या एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये वयाच्या ७३ व्या वर्षी मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटांत धावली होती. ते तरुणपणीही धावपटू होते आणि मधली बरीच वर्षं त्यांनी खेळ सोडला होता, तेव्हा लगेच त्यांच्याशी स्वतःला ताडून बघायला जाऊ नका, पण वय झालं म्हणून दार बंद होत नाही एवढं तर त्यातून नक्कीच दिसतं.

सापळा: पहिलीच नोंदणी फुल मॅरेथॉनची. ४२.१९५ किलोमीटरसाठी पायांना लागणारी तयारी चार महिन्यांत शून्यावरून होत नाही. फुफ्फुसं तयार होतील, नडग्या आणि घोटे होणार नाहीत. का ते सहाव्या पायरीत सांगतो.

४. काय काय जवळ लागतं

सामान फार लागत नाही, सुरुवातीला तर नाहीच नाही.

- धावायचे बूट. दुकानात दोन्ही पायांत घालून थोडं पळून बघा, संध्याकाळी जा कारण दिवसभरात पाय किंचित सुजतात, पुढे अंगठ्याएवढी जागा मोकळी राहिली पाहिजे. ज्यात लगेच आरामशीर वाटतं तो घ्यायचा, रंग आणि जाहिरात बघून नाही.
- वजनं उचलताना हे मऊ बूट नकोत, तळ सपाट आणि कडक हवा. जुने कॅनव्हासचे चालतात.
- साधं घड्याळ किंवा फोन. महाग स्पोर्ट्स वॉच पहिल्या सहा महिन्यांत तरी गरजेचं नाही.
- स्त्रियांसाठी नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा, हिच्यात काटकसर करू नका.
- वही. ही सगळ्यात महत्त्वाची, आणि अ‍ॅपपेक्षा वहीच बरी असं माझं मत, कारण वहीत आकडा आणि मन दोन्ही लिहिता येतं.

स्पर्धेसाठीची कागदपत्रं: फोटो असलेलं ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा (वयोगटासाठी), नोंदणीची पावती किंवा ईमेल, तातडीच्या संपर्कासाठी घरच्या कुणाचातरी नंबर, आणि काही स्पर्धांमध्ये डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट. हे सर्टिफिकेट किती जुनं चालतं ते नियमावलीत लिहिलेलं असतं, ते नोंदणी करतानाच वाचा, आदल्या दिवशी धावपळ नको. आणि स्वतःच्या नावाचा बिब (छातीवर लावायचा नंबराचा कागद) परस्पर मित्राला कधीही देऊ नका. त्याला रस्त्यात काही झालं तर वैद्यकीय टीमच्या हातात तुमचं नाव, तुमचं वय आणि तुमच्या घरच्यांचा नंबर जातो.

५. पहिली टेस्ट घ्या आणि लिहून ठेवा

ही पायरी बरेच जण लाजेपोटी गाळतात आणि तीन महिन्यांनी आपण किती पुढे आलो ते त्यांना कळतच नाही. टेस्ट साध्या असू द्या: १५ मिनिटांत सपाट रस्त्यावर चालत-धावत किती अंतर गेलात, सलग किती पुशअप झाले (जमत नसतील तर हात टेबलावर टेकवून, पण उंची लिहून ठेवा), ३० सेकंदांत खुर्चीतून हात न लावता किती वेळा उठलात, आणि सकाळी अंथरुणातच मोजलेले नाडीचे ठोके.

कूपर टेस्ट तुम्ही ऐकली असेल, १२ मिनिटांत जितकं लांब जाता येईल तितकं जायचं. केनेथ कूपर या डॉक्टरांनी १९६८ मध्ये अमेरिकन हवाई दलासाठी ती मांडली. चांगली टेस्ट आहे, पण जीव तोडून धावायची आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी नको, दोन-तीन महिन्यांनी करा.

दर सहा आठवड्यांनी तीच टेस्ट, त्याच जागी, शक्यतो त्याच वेळी. जागा बदलली, ऊन बदललं, की आकड्यांना अर्थ राहत नाही.

६. आठवड्याचा आराखडा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी सांगितलेलं प्रमाण असं आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा. हे आरोग्यासाठीचं माप आहे आणि नवीन खेळाडूचा आठवडा साधारण याच चौकटीत बसतो, फक्त त्याला दिशा असते. ५ किंवा १० किलोमीटर धरून चाललो तर माझ्या मते सुरुवातीचा आठवडा असा असावा:

सोमवार: ताकद
मंगळवार: हळू धावणं-चालणं, ३० मिनिटं
बुधवार: सुट्टी किंवा नुसतं फिरणं
गुरुवार: ताकद
शुक्रवार: सुट्टी
शनिवार: लांब आणि हळू, ४० मिनिटांपासून पुढे
रविवार: सुट्टी

वेगाचं सेशन यात नाहीये, ते मुद्दाम. पहिले सहा आठवडे वेगाला हातच लावायचा नाही.

धावण्याबद्दल. हळू म्हणजे किती हळू, तर शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर तुम्ही जास्त जोरात आहात, मग घड्याळ काहीही म्हणो. २२० वजा वय हे सूत्र वापरून झोन काढत बसू नका, दोन सारख्या वयाच्या माणसांच्या कमाल ठोक्यांत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सहज असतो, आणि नवीन माणूस त्या चुकीच्या आकड्यामागे धावून थकतो. सुरुवात १ मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं अशी करा, आठ-दहा वेळा. मधे चालणं म्हणजे हार मानणं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: ही पद्धत ज्यांनी लोकप्रिय केली ते जेफ गॅलोवे १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावलेले होते. आणि जगातले अव्वल लांब पल्ल्याचे खेळाडू कसं ट्रेनिंग करतात याचा स्टीफन सायलर या संशोधकाने अभ्यास केला तेव्हा त्यांची साधारण ८० टक्के सेशन्स हळूच असल्याचं दिसलं. म्हणजे जे रोज दोनदा सराव करतात ते बहुतेक वेळ आरामात धावतात, आणि जो आठवड्यात दोनदा धावतो तो मात्र दोन्ही वेळा दमछाक करून घेतो, हे उलटं गणित आधी मोडायला हवं.

ताकदीबद्दल. मशीन किती आहेत त्याने फरक पडत नाही, पाच हालचाली झाल्या पाहिजेत: बसून उठणं (स्क्वॉट), कंबरेतून वाकून उचलणं (डेडलिफ्टचा प्रकार), ढकलणं, ओढणं आणि वजन हातात घेऊन चालणं. प्रत्येकी दोन-तीन सेट (फेऱ्या), दर सेटमध्ये ८ ते १२ रेप्स (तीच हालचाल तितक्या वेळा), आणि सेट संपताना असं वाटलं पाहिजे की अजून दोन-तीन निघाले असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म नावाच्या लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांचे पाय परत उभे करताना थोडं थोडं वजन वाढवत नेण्याची पद्धत वापरली, आजही जगभरच्या जिममध्ये मूळ तत्त्व तेच आहे. सगळे रेप्स नीट निघाले की पुढच्या वेळी वजन सगळ्यात छोट्या प्लेटने वाढवायचं. निघाले नाहीत तर तेच वजन परत. शेजारचा किती उचलतोय ते बघून बारवर प्लेटा चढवणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

आता ते नडगीचं. मेहनतीला हृदय आणि स्नायू काही आठवड्यांतच प्रतिसाद देतात, पण स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, म्हणजे टेंडन, आणि हाडं यांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणून दुसऱ्या महिन्यात एक फसवा काळ येतो. दम वाढलेला असतो, अंग हलकं वाटतं, आणि आतून कुणीतरी सांगतं की आज दुप्पट जाऊया. नवख्यांच्या नडग्या, टाचा, गुडघे याच काळात धरतात. त्यामुळे या महिन्यात मनाला वाटतं त्यापेक्षा कमीच करा. आठवड्याला १० टक्के वाढ हा जो नियम सांगतात तो काही काळ्या दगडावरची रेघ नाही, पण दोन-तीन आठवडे थोडं वाढवायचं आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम एक तृतीयांश कमी करायचं, हा हिशेब बहुतेकांना मानवतो. सहा आठवड्यांनंतर मंगळवारच्या धावण्यात शेवटी २०-२० सेकंदांच्या चार-पाच मोकळ्या, जरा वेगाच्या धावा घाला, मधे पूर्ण दम खाऊन. पहिल्या रेससाठी वेगाचं काम एवढंच पुरतं.

वॉर्मअपवर फार लिहीत नाही: पाच मिनिटं चालणं, मग जे करणार आहात त्याचीच हलकी आवृत्ती.

७. आराम, झोप, खाणं

हे ट्रेनिंगचेच भाग आहेत. सेशनमध्ये शरीर थकतं, घडतं ते नंतर.

झोप सात तासांच्या खाली नको. पहाटे साडेपाचला धावायचं म्हणून रात्री बाराला झोपून पाच तासांत उठणारे खूप भेटतात, त्यांना माझा सल्ला एकच, तो दिवस सोडा आणि झोपा.

प्रोटीन: ट्रेनिंग करणाऱ्यांसाठी शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.४ ते २ ग्रॅम हे माप क्रीडा पोषणात मानलं जातं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ८४ ते १२० ग्रॅम. एकदम नाही, तीन-चार जेवणांत वाटून. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवायचं नाही. सप्लिमेंटच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. पाणी तहान लागेल तसं प्या, छोट्या रेसमध्ये भीतीपोटी लिटरच्या लिटर पाणी पिणंही घातक असतं, त्याने रक्तातलं सोडियम खाली जातं.

दुखणं ओळखायला शिका. नवीन व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं, मांड्या जड होतात, जिना उतरताना कळ येते, हे २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं आणि मग ओसरतं. त्यात हलकं चालत राहिलेलं बरं. पण एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी, एकाच बाजूला, धावताना वाढत जाणारं किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर थांबायचं आणि दाखवायचं. छातीत दाब, चक्कर, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर त्याच क्षणी थांबून मदत मागायची, "बघू संध्याकाळपर्यंत" असं नाही. आणि एक कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट: खूप जोराच्या सेशननंतर स्नायू प्रचंड सुजले, दुखतायत आणि लघवी चहा-कोलासारखी गडद झाली, तर स्नायू तुटून त्यातला माल किडनीवर येत असतो, हॉस्पिटलच गाठायचं. पहिल्याच दिवशी नवख्याला उलटी होईपर्यंत पिदडणाऱ्या ट्रेनरकडे हे घडू शकतं.

खाणं कमी आणि ट्रेनिंग जास्त हे फार काळ चाललं तर शरीर एकेक खातं बंद करत जातं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये याला रेड-एस असं नाव दिलं. स्त्रियांची पाळी अनियमित होणं किंवा थांबणं, सतत सर्दी-ताप, चिडचिड, हाडांना बारीक फ्रॅक्चर ही त्याची लक्षणं. पुरुषांनाही होतं. पाळी थांबली म्हणजे ट्रेनिंग चांगलं चाललंय, हा समज अजूनही कानावर येतो आणि तो साफ चुकीचा आहे.

८. डोक्यातली गाठ

स्वतःला अ‍ॅथलीट म्हणताना जीभ अडखळते, सगळ्यांचीच. आरशात बघून तर अजिबात पटत नाही. तिथे एक गोष्ट माहीत असलेली बरी: पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे, मेंदू आहेत तेच स्नायू जास्त नीट कामाला लावायला शिकतो. स्नायूंचा आकार दिसायला त्यानंतर बराच वेळ जातो. म्हणजे आरसा कायम मागे असतो आणि वही पुढे. वहीवर विश्वास ठेवा.

घरी काय बोलता तेही बघा. "जमलं तर जरा धावून येतो" असं म्हटलं की घरातलं कुठलंही काम त्या वेळेवर येऊन बसतं, आणि ते साहजिक आहे, तुम्हीच वेळ मोकळी दिलीत. "मंगळवार-शनिवार सकाळी साडेसहा ते साडेसात माझं ट्रेनिंग आहे, तेवढं धरून बाकी ठरवूया" असं आधी बोलून घ्या, आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही तसाच स्वतःचा तास मिळतोय ना ते बघा. विशेषतः घरकाम आणि मुलं जिच्या अंगावर आहेत तिला हा तास मागून मिळत नाही, तो सगळ्यांनी मिळून काढावा लागतो. याबद्दल मला मनापासून वाटतं, कारण अर्धी चांगली खेळाडू माणसं इथेच गळतात.

२१ दिवसांत सवय लागते हे विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २००९ साली झालेल्या अभ्यासात नवीन सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ चा अंदाज निघाला. आणि मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा सेशन बुडालं तर ते बुडालं, दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरपाई करायची नाही. पूर्ण आठवडा गेला तर गेल्या आठवड्याचाच आराखडा परत. आजारपणात दोन-तीन आठवडे गेले तर अर्ध्यावर येऊन चढायला लागा.

९. कोच, गट आणि फसवणूक

कोच असलाच पाहिजे असं नाही, पण वजनं उचलायला शिकताना पहिली काही सेशन्स जाणकारासमोर करा. चांगला कोच पहिल्याच दिवशी तुमचा इतिहास विचारतो, टेस्ट घेतो, आज हे करू नका असंही सांगतो. जो सगळ्यांना एकच शीट देतो, दुखतंय म्हटल्यावर "त्यातूनच जा" म्हणतो, महिन्यात अमुक किलोची हमी देतो किंवा स्वतःच पावडरचे डबे विकतो, त्याच्यापासून लांब. पैसे वर्षाचे एकदम भरू नका, आधी एक महिना बघा.

गट असेल तर उत्तम, फक्त गटातल्या वेगवान लोकांच्या मागे हळूचा दिवस घालवू नका. त्यांना सांगून टाका की आज माझा हळू दिवस आहे. खरे खेळाडू हे लगेच समजून घेतात.

१०. स्पर्धेचा आठवडा आणि तो दिवस

शेवटच्या सात ते दहा दिवसांत एकूण काम जवळजवळ निम्म्यावर आणा, पण पूर्ण बंद नको, मधे दोनदा थोडं थोडं धावून पाय जागे ठेवा. या दिवसांत पाय जड वाटतात, उगाच कुठेतरी दुखल्यासारखं होतं, घाबरू नका. आपण मागे पडलो म्हणून शेवटच्या आठवड्यात भरून काढायचा प्रयत्न हा सापळा, आता फायदा काहीच नाही, नुकसान नक्की.

त्या दिवशी नवीन काहीही नको. नवे बूट नको, नवा टी-शर्ट नको (काखेत आणि छातीवर घासतो), एक्स्पोमध्ये (रेसआधी बिब वाटतात तिथे) फुकट मिळालेलं एनर्जी जेल नको. सरावाच्या दिवशी जे खाऊन धावता तेच, दोन-तीन तास आधी. बिब छातीवर पुढे लावा, पिना आदल्या रात्रीच. टॉयलेटची रांग मोठी असते, तासभर आधी पोचा.

धावणाऱ्यांसाठी: सुरुवातीला मागच्या बाजूला उभे राहा. बहुतेक रेसमध्ये चिप टाइम वेगळा आणि गन टाइम वेगळा असतो, गन टाइम सुरुवातीच्या इशाऱ्याबरोबर आणि चिप टाइम तुम्ही रेषा ओलांडल्यावर सुरू होतो, त्यामुळे मागे उभं राहून तुमचं काही जात नाही. पहिला किलोमीटर गर्दीच्या जोरावर फार वेगात जातो, तो मुद्दाम धरून ठेवा, सोपा वाटला पाहिजे. अर्ध्यानंतर जमलं तर वाढवा. चालायची वेळ आली तर कडेला येऊन, मागे हात दाखवून, मग चाला.

उचलणाऱ्यांसाठी: नियम वाचा, खरंच वाचा. नवखे ताकद कमी पडून कमी आणि आज्ञा न ऐकल्याने जास्त प्रयत्न घालवतात. स्क्वॉटला सुरू करायची आणि बार परत ठेवायची आज्ञा असते, बेंचला तीन आज्ञा असतात, डेडलिफ्टला "डाउन" म्हटल्याशिवाय बार खाली ठेवायचा नाही. सरावात मित्राला आज्ञा द्यायला लावा. डेडलिफ्टला गुडघ्याखालपर्यंतचे मोजे लागतात, ते विसरणारे दर मीटला दिसतात. पहिला प्रयत्न असा ठेवा की ज्याचे तुम्ही जिममध्ये तीन रेप्स सहज काढता. एका प्रकारातले तिन्ही प्रयत्न गेले तर तिन्ही प्रकारांची मिळून होणारी एकूण बेरीज लागत नाही.

पूर्ण करता आलं नाही तर निकालात डीएनएफ (डिड नॉट फिनिश) लागतं. दुखतंय, चक्कर येतेय, तर तेच बरोबर आहे.

११. त्यानंतर

लगेच बसू नका, दहा मिनिटं चालत राहा, कोरडे कपडे घाला, तासाभरात काहीतरी खा. पुढचे दिवस हलके, ५ किलोमीटर असेल तर चार-पाच दिवस, हाफ मॅरेथॉन असेल तर दोन आठवडे. या काळात एक रितेपणा येतो, तारीख निघून गेलेली असते आणि सकाळी उठायचं कारण सापडत नाही. तो येणार हे धरूनच चाला आणि त्या भरात लगेच मोठ्या रेसची नोंदणी करू नका.

त्याऐवजी वही काढा. पहिल्या टेस्टचे आकडे आणि आताचे समोरासमोर लिहा, कुठे वाढलं, कुठे तसंच राहिलं. पुशअप वाढले नसतील तर पुढच्या १२ आठवड्यांत ताकदीचे दिवस दोनाचे तीन करा, दम कमी पडला असेल तर लांब धावणं वाढवा. मग तारीख शोधा आणि नोंदणीच्या फॉर्मवर "आधी स्पर्धेत भाग घेतला आहे का" असा रकाना असेल तिथे या वेळी "हो" लिहा.